शब्दाला अर्थ येतो कोठून?

मराठ्यांच्या इतिहासात दोन वडगावे प्रसिद्ध आहेत. सेनापती धनाजी जाधव १७०८ साली वडगावी निवर्तले. आणि १७७९ साली इंग्रज सैन्याने मराठ्यांपुढे हात टेकून जो तह केला, तोही वडगावचाच. पहिले वडगाव कोल्हापूरच्या उत्तरेस, हातकणंगले तालुक्यात, दुसरे मावळात. ह्यांखेरीज पुण्याच्या अंगाला वडगाव बुद्रुक आहे, वडगाव शेरी आहे, बारामतीकडे वडगाव निंबाळकर आहे आणि बेळगावास लागूनही एक वडगाव आहेच. आमच्या ह्या हातकणंगले तालुक्यातल्या वडगावास लोक पेठ वडगाव म्हणतात. पेठ म्हणजे बाजाराची वस्ती, हे कोणीही सांगेल. परंतु बाजार तर इतर वडगावांतही भरू शकतो. मग 'पेठ' हा शब्द ह्याच गावाच्या नावामागे का लागावा?

उत्तर सोपे आहे. हे वडगाव त्या वडगावांहून निराळे ओळखू यावे म्हणून. साऱ्या महाराष्ट्रात वडगाव एकच असते, तर त्यास पेठ, मावळ, शेरी ह्यांपैकी कोणतीही जोड लागली नसती. बुद्रुक आणि खुर्द ह्या शब्दांचेही तसेच. फारसीतून आलेल्या ह्या शब्दांचा मूळ अर्थ थोरले आणि धाकटे; परंतु धाकटे कोणी नसेल तर थोरलेपणाला अर्थ काय? पुढे काळाच्या ओघात खुर्द वाढून बुद्रुकाहून मोठे झाले, तरी नावे बदलत नाहीत; कारण त्या नावांचे खरे काम आकार सांगण्याचे नसून दोन गावे वेगळी ठेवण्याचे आहे.

गावांच्या नावांविषयी जे आपण सहज मान्य करतो, तेच भाषेतील यच्चयावत् शब्दांविषयी खरे आहे, असे विसाव्या शतकाच्या आरंभी एका विद्वानाने सांगितले, आणि भाषेकडे पाहण्याची विद्वानांची दृष्टीच पालटली. ह्या दृष्टीस संरचनावादी भाषाविज्ञान असे नाव आहे. नाव जड असले तरी विषय आपल्या माजघरातला आहे. आणि लेखाच्या शेवटी दिसून येईल की, कित्येक घरांत मुलींना रोज ऐकाव्या लागणाऱ्या एका बोलण्याचा निवाडाही त्यातून होण्यासारखा आहे.

जिनीव्हाचे संस्कृत पंडित

ह्या विद्वानाचे नाव फर्दिनां द सोस्यूर. जन्म १८५७, मृत्यू १९१३. स्वित्झर्लंडमधील जिनीव्हा येथे ते अध्यापक होते आणि संस्कृत हा त्यांचा अध्यापनाचा एक प्रमुख विषय होता. त्यांचा पदवीचा प्रबंधदेखील संस्कृतातील सत्-षष्ठीच्या प्रयोगावर होता. १९०७ ते १९११ ह्या काळात त्यांनी सामान्य भाषाविज्ञानावर तीनदा व्याख्यानमाला दिली; परंतु त्यावर ग्रंथ मात्र स्वतः लिहिला नाही. त्यांच्या निधनानंतर शार्ल बाली व आल्बेर सेशए ह्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांच्या टिपणवह्या गोळा केल्या आणि त्यांवरून १९१६ साली तो ग्रंथ सिद्ध केला. गुरूने सांगावे आणि शिष्यांनी ग्रंथरूप द्यावे, हा प्रकार आपणांस अपरिचित नाही.

ह्या परंपरेचा एक धागा थेट मराठीपर्यंत येऊन पोहोचतो. जिनीव्हास जाण्यापूर्वी सोस्यूर दहा वर्षे पॅरिसमध्ये शिकवीत असत. तेथे आंत्वान मेये हे त्यांचे शिष्य झाले. मेये यांचे शिष्य झ्यूल ब्लॉक. आणि ब्लॉक यांनी मराठी भाषेच्या घडणीवर १९२० साली जो फ्रेंच ग्रंथ प्रसिद्ध केला, तो आजही मराठीच्या अभ्यासकांस टाळता येत नाही. वासुदेव गोपाळ परांजपे यांनी त्याचे मराठी भाषांतर १९४१ साली केले. पुढे पॅरिसमध्येच अध्ययन केलेले ना. गो. कालेलकर यांनी हा विचार सुबोध मराठीत आणला. त्यांच्या 'भाषा : इतिहास आणि भूगोल' ह्या ग्रंथास १९६७ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. त्यांच्यामागून अशोक केळकर यांनी पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयातून ह्या शास्त्राचा पाया मराठीत अधिक पक्का केला.

वस्तू आणि तिचे नाव

सोस्यूर यांचे पहिले सांगणे असे की, शब्द आणि अर्थ ह्यांचे नाते निसर्गाने घालून दिलेले नाही. पाण्याच्या अंगी असे काही नाही की त्याला 'पाणी' म्हटलेच पाहिजे. कोकणीत त्यालाच 'उदक' म्हणतात, कानडीत 'नीरु' म्हणतात. तहान तिन्हींनी सारखीच भागते. कोणी म्हणेल, ध्वनीवरून झालेले शब्द तरी स्वाभाविक असतील. पण आपला कोंबडा 'कुकूचकू' करतो आणि फ्रान्समधला 'कोकोरिको' करतो. कोंबडे जातीने सारखेच. ऐकणाऱ्यांचे कान मात्र निरनिराळ्या भाषांत वाढलेले.

हा वाद आपल्याकडे पुरातन आहे. शब्द व अर्थ यांचा संबंध नित्य, कोणीही निर्माण न केलेला, असे मीमांसकांचे मत. तर तो संकेताने ठरलेला, असे नैयायिकांचे मत. ह्या एका मुद्द्यापुरते सोस्यूर नैयायिकांच्या पंक्तीस बसतात. मात्र एक गोष्ट लक्षात ठेवावयास हवी. संकेत आहे म्हणून तो कोणा एकट्यास बदलता येतो असे नाही. उद्या एखाद्याने पाण्याला दगड म्हणावयाचे ठरविले, तर त्याला दगडच मिळेल. भाषा ही समाजाची ठेव आहे. आपण तीत जन्माला येतो.

म्हणून सोस्यूर दोन गोष्टींत भेद करतात. एक भाषाव्यवस्था, जी साऱ्या भाषिकांच्या मनात समान असते; आणि दुसरी उक्ती, म्हणजे त्या व्यवस्थेच्या आधारे प्रत्येकाने प्रत्यक्ष केलेले बोलणे. एक घोगऱ्या आवाजात बोलतो, दुसरा अडखळतो, तिसरा पान चघळीत बोलतो. उक्ती प्रत्येक वेळी निराळी, पण व्यवस्था एकच, आणि म्हणूनच आपण एकमेकांस समजतो.

हे स्पष्ट करण्यास त्यांनी बुद्धिबळाचा दाखला दिला आहे. घरातल्या पटावरचा एक घोडा हरवला, तर मुले त्या जागी चिंचोका ठेवतात आणि डाव बिनदिक्कत चालतो. चिंचोका अडीच घरे चालू लागला की तो घोडाच. लाकूड, हस्तिदंत की चिंचोका, ह्याला महत्त्व नाही. इतर मोहऱ्यांहून त्याची चाल निराळी आहे, ह्याला आहे. आपण ज्याला उंट म्हणतो त्याला इंग्रज धर्मगुरू म्हणतात, फ्रेंच लोक विदूषक म्हणतात आणि जर्मन लोक धावक म्हणतात. चौघांचीही चाल तिरपीच. नाव कोणते का असेना, त्या मोहऱ्याचे सारे सत्त्व पटावरील इतर मोहऱ्यांशी असलेल्या त्याच्या संबंधात आहे.

मोल ठरते शेजाऱ्यांवरून

येथून आपण ह्या विचाराच्या गाभ्याशी येतो. शब्दाचा अर्थ शब्दाच्या पोटात ठेवलेला नसतो; शेजारच्या शब्दांनी त्याच्यासाठी जेवढी जागा सोडली असेल, तेवढा त्याचा अर्थ. ह्यास सोस्यूर 'मोल' असे म्हणतात आणि नाण्याचा दृष्टांत देतात.

तो दृष्टांत आपल्या अनुभवाने पाहू. १९५७ सालच्या १ एप्रिलपर्यंत आपल्याकडे रुपयाचे सोळा आणे आणि आण्याचे चार पैसे, म्हणजे रुपयाचे चौसष्ट पैसे होत. त्या दिवशी दशमान नाणी आली आणि रुपयाचे शंभर पैसे झाले. 'पैसा' हा शब्द तोच राहिला, पण त्याचे मोल पालटले; कारण तो ज्या मांडणीत बसत होता ती मांडणीच बदलली. घोटाळा होऊ नये म्हणून सात वर्षे त्याला 'नवा पैसा' म्हणावे लागले. जुना पैसा व्यवहारातून गेल्यावर १९६४ साली 'नवा' हे विशेषणही गळून पडले. पेठ वडगाव आणि वडगाव मावळ ह्यांचा न्याय येथेही दिसतो. वेगळे ओळखण्याजोगे दुसरे काही उरले नाही की विशेषण अनावश्यक होते.

ध्वनींचेही असेच आहे. 'काल' आणि 'काळ', 'मन' आणि 'मण' ह्या जोड्या पाहा. 'ल' ला स्वतःचा काही अर्थ नाही, 'ळ' लाही नाही. पण त्यांच्यातील भेदाने कालचा दिवस आणि यमाचा दूत वेगळे होतात. 'जरा' हा शब्द तर अधिक बोलका आहे. तालव्य 'ज' ने उच्चारला तर वार्धक्य, आणि 'जहाज' मधल्यासारखा दंततालव्य उच्चारला तर थोडेसे. लिपीत अक्षर एक, पण मराठी कानाला ध्वनी दोन. अर्थभेद घडविणाऱ्या अशा ध्वनिघटकास भाषाविज्ञानात स्वनिम म्हणतात. कोणता भेद मोलाचा मानावयाचा हे प्रत्येक भाषा आपापले ठरविते. तामिळ लिपीत 'त, थ, द, ध' ह्या चारींसाठी एकच अक्षर पुरते. कारण त्या भाषेच्या मूळ शब्दांत ह्या भेदांवर अर्थ अवलंबून नसतो. तामिळ मनुष्याचा कान ह्यात उणा आहे असे नव्हे. त्याच्या भाषेने ते भेद हिशेबात धरलेले नाहीत, इतकेच.

आपल्या बौद्ध तत्त्वज्ञांपैकी दिङ्नागाने अपोहवाद मांडला, तो ह्या विचाराशी पुष्कळ जुळतो. 'गाय' ह्या शब्दाने गायीचे काही स्वरूप सांगितले जात नाही, तर जे जे गाय नव्हे ते ते वगळले जाते, असे त्याचे म्हणणे. दोघांची वाट निराळी आणि प्रश्नही निराळे; तथापि अर्थाचा उगम भेदात पाहण्याची दृष्टी दोहींकडे आढळते.

घरातील व्यवस्था

एकत्र कुटुंबात वाढलेल्यांस ह्या सिद्धान्ताचे प्रत्यंतर पोथी न उघडता मिळते. इंग्रजीत आईची बहीण, बापाची बहीण, काकू, मामी ह्या सर्व एकाच शब्दात बसतात. आपल्याकडे चौघींना चार शब्द. म्हणून 'मावशी' ह्या शब्दाचा अर्थ पूर्णपणे सांगावयाचा तर 'आत्या नव्हे, काकू नव्हे, मामी नव्हे' हेही सांगावे लागते. इंग्रजी शब्दाला एवढी मोठी जागा मिळाली, ती शेजारी कोणी नाही म्हणून.

परभाषेच्या सीमेवर हा खेळ अधिक रंगतो. कानडीत 'तायी' म्हणजे आई. आपल्याकडे 'ताई' म्हणजे थोरली बहीण. कानडीत 'अण्णा' म्हणजे थोरला भाऊ. आपल्याकडे कित्येक घरांत वडिलांनाच अण्णा म्हणतात. पुष्कळदा हे घडते कसे, ते पाहण्यासारखे आहे. धाकटे भाऊ थोरल्यास अण्णा म्हणतात. त्याची मुले चुलत्यांच्या तोंडून तीच हाक ऐकतात आणि तीच उचलतात. जुन्या मोठ्या घरांतून आपल्या जन्मदात्या आईस 'वहिनी' म्हणून हाक मारणारी मुले थोडीथोडकी नव्हती. परक्या माणसास ह्याचे हसू येई. पण त्या मुलांच्या मनात काडीचाही घोटाळा नसे. त्या घराच्या व्यवस्थेत 'वहिनी' हे एका विशिष्ट व्यक्तीचे स्थान होते आणि 'काकू', 'आजी', 'माई' ह्यांहून ते निराळे होते. मुलाला तेवढे पुरे. शब्दकोशातील अर्थ आणि घरातील मोल ह्यांत अंतर पडले, तरी हाकेला ओ यावयाची ती येतच असे.

कधी कधी शब्द जुन्या व्यवस्थेची खूणही जपून ठेवतात. सासऱ्यांस 'मामंजी' आणि सासूस 'आत्याबाई' म्हणण्याचा प्रघात अनेक घरांतून होता. ज्या समाजात मामाच्या किंवा आत्याच्या घरी मुलगी देण्याची चाल होती, तेथे सासरा खरोखरच मामा असे किंवा सासू आत्या असे. इरावती कर्वे यांनी १९५३ साली प्रसिद्ध केलेल्या भारतीय नातेव्यवस्थेवरील ग्रंथात अशा विवाहांचा आणि नात्याच्या शब्दांचा प्रांतवार विचार केलेला आहे. जेथे ती चाल नव्हती वा मोडली, तेथेही संबोधन टिकून राहिले. येथेही सोस्यूर यांचा एक भेद उपयोगी पडतो. शब्द कोठून आला हा इतिहासाचा प्रश्न, आणि आज त्याचे मोल काय हा आजच्या व्यवस्थेचा प्रश्न. मामंजी म्हणणाऱ्या सुनेला ह्या इतिहासाची वार्ताही नसते आणि तिचे काही अडत नाही.

सर्वनामांचे उदाहरण त्याहून सूक्ष्म आहे. इंग्रजीत आणि संस्कृतात बहुवचनी प्रथमपुरुषास एकच सर्वनाम आहे. मराठीत दोन : 'आम्ही' आणि 'आपण'. ऐकणारा वगळला तर आम्ही, धरला तर आपण. 'आम्ही जेवावयास बसतो' आणि 'आपण जेवावयास बसू', ह्यांतील फरक दारात उभ्या असलेल्या पाहुण्यास चांगलाच कळतो. नवी सून काही दिवस 'आमच्याकडे असे करतात' म्हणते, तेव्हा तिच्या मनात माहेर असते. आणि एके दिवशी सासूशी बोलताना ती 'आपल्याकडे' म्हणून जाते. सासर आणि माहेर ह्यांची सारी उलाढाल त्या एका सर्वनामात सामावते, ती केवळ दुसरे सर्वनाम शेजारी उभे आहे म्हणून.

अर्थास आणखी एका अंगाने आधार लागतो. 'सून माहेरी गेली' ह्या वाक्यात प्रत्येक शब्दास दोन दिशांनी नाती आहेत. एक नाते ओळीतल्या शेजाऱ्यांशी : 'सून' स्त्रीलिंगी म्हणून 'गेली'. ह्याला अन्वयसंबंध म्हणावे. दुसरे नाते न उच्चारलेल्या शब्दांशी : 'सून' च्या जागी 'लेक' येऊ शकली असती, 'नणंद' येऊ शकली असती. ह्याला गणसंबंध म्हणावे. आपण जे बोललो त्याचा अर्थ, आपण जे बोलू शकलो असतो पण बोललो नाही, त्यावरही टेकलेला असतो. स्वयंपाकघरातील अनुभवी बाई कोणता जिन्नस कोणाच्या मागून घालावयाचा हे जशी जाणते, तसेच कोणत्या जिनसाऐवजी कोणता चालेल हेही जाणते. भाषा जाणणे म्हणजे ही दोन्ही ज्ञाने असणे.

सीमेवरचे एक खेडे

ही व्यवस्था शब्दांहून किती खोल असते, ह्याचा जगप्रसिद्ध पुरावा पेठ वडगावापासून फार दूर नसलेल्या मुलखातून मिळाला आहे. जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन ह्या अभ्यासकांनी सांगली जिल्ह्यातील, कर्नाटकाच्या सीमेजवळील एका खेड्याचा अभ्यास १९७१ साली प्रसिद्ध केला. त्यात त्या खेड्याचा उल्लेख 'कुपवार' असा आहे. तेथे जैन मंडळी घरात कानडी बोलत, मुसलमान उर्दू बोलत आणि इतर पुष्कळ लोक मराठी. आणि शेतावर, बाजारात व चावडीवर ह्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा एकमेकांशी संबंध.

अभ्यासकांना आढळले ते असे. शब्द तिन्ही भाषांचे आपापले राहिले होते, पण त्यांची मांडणी जवळजवळ एक झाली होती. एका भाषेतील वाक्य घ्यावे, त्यातील प्रत्येक शब्द आणि प्रत्यय उचलून त्या जागी दुसऱ्या भाषेतील ठेवावा, की दुसऱ्या भाषेतील वाक्य तयार. उर्दूत एरवी 'हम' एकच. तेथील उर्दूने मराठीच्या आम्ही-आपण भेदाचे अनुकरण करून 'हम' आणि 'अपुन' असे दोन केले होते. कानडीत पुरुषवाचक नामे पुल्लिंगी, स्त्रीवाचक स्त्रीलिंगी आणि बाकी सर्व नपुंसकलिंगी, असा सरळ हिशेब असतो; तेथील मराठीही त्या हिशेबाकडे झुकलेली दिसली. म्हणजे नदी, भिंत, खुर्ची ह्यांना लिंगे वाटीत बसण्याचा जो खटाटोप आपण करतो, तो तेथे पुष्कळसा आटोपला होता.

मग शब्द तेवढे वेगळे का राहिले? कारण शब्दांवरून माणूस कोणत्या घरचा ते ओळखू येते. घर निराळे ठेवण्यास शब्दांचा भेद पुरेसा होता, आणि व्यवहार चालविण्यास व्यवस्थेचे ऐक्य सोयीचे होते. चाळीसेक वर्षांनी डेक्कन महाविद्यालयाच्या सोनल कुलकर्णी-जोशी यांनी कुपवारच्या भाषांचा पुन्हा अभ्यास केला, तेव्हा शब्दास शब्द ठेवून भाषांतर होण्याचा हा गुण पूर्वीपेक्षा उणावलेला आढळला. भाषावार राज्ये झाली, शाळांतून प्रमाण मराठी आली आणि शेजाऱ्यांचे मोल बदलले, की व्यवस्थाही हलते.

'मी येतो' म्हणणारी मुलगी

आता आरंभी ज्या निवाड्याचा उल्लेख केला त्याकडे वळू. कोल्हापूर भागातील पुष्कळ मुली व स्त्रिया 'मी येते', 'मी गेले' असे न म्हणता 'मी येतो', 'मी गेलो' असे म्हणतात. शिकलेल्या घरांतून ह्यावर मुलींना टोचून बोलले जाते. पुरुषासारखी काय बोलतेस, चार लोकांत हसे होईल, पुण्याच्या मंडळींना काय वाटेल, असे वडीलधारे म्हणतात. स्थळ पाहावयास आलेल्या मंडळींसमोर तोंडून 'मी आलो' निघाले, तर मुलीच्या वळणाविषयीच शंका घेतली जाते. थट्टेपुरतेच हे राहिले असते तर प्रश्न नव्हता. पण ज्या मुलीला आपली भाषा हीन आहे असे सांगितले जाते, ती हळूहळू चारचौघांत बोलेनाशी होते. हे नुकसान लहान नव्हे.

तेव्हा पाहू की, ह्या आरोपात तथ्य किती. प्रमाण मराठीत बोलणारा 'येतो' म्हणतो आणि बोलणारी 'येते' म्हणते. दोन रूपे आहेत, त्यांच्यात भेद आहे, म्हणून 'येतो' मध्ये पुरुषत्वाचा अर्थ आहे. ह्या मुलींच्या बोलीत प्रथमपुरुषी रूप एकच आहे. बोलणारा असो वा बोलणारी, 'येतो' च. जेथे दुसरे रूप शेजारी नाही, तेथे पहिल्या रूपात लिंगाचा अर्थ येणारच कोठून? त्या बोलीतील 'येतो' चा अर्थ 'बोलणारी व्यक्ती येते' एवढाच. ती मुलगी पुरुषासारखे बोलत नाही. तिच्या व्यवस्थेत तो प्रश्नच उपस्थित होत नाही. अक्षरे तीच, पण मोल निराळे. चौसष्टातला पैसा आणि शंभरातला पैसा एकच समजून हिशेब करणाऱ्याचा जसा घोटाळा होईल, तसाच तिला हसणाऱ्याचा होतो.

ह्यात अर्थहानीही होत नाही. बोलणारी समोर उभी असताना ती स्त्री आहे हे क्रियापदाने सांगण्याची गरज नसते. जी समोर नाही तिच्याविषयी बोलताना मात्र ही बोली भेद पाळते. 'ती आली', 'तो आला' हे तेथेही निराळेच. शेजारच्या कानडीची रचना नेमकी अशीच आहे : प्रथमपुरुषी क्रियापदात लिंगभेद नाही, तृतीयपुरुषी आहे. आणि संस्कृताचा अभिमान बाळगणाऱ्या आपल्या घरांनी हेही ध्यानात घ्यावे की, 'अहं गच्छामि' असे राम म्हणतो आणि सीताही म्हणते. 'गच्छामि' ला लिंग नाही, म्हणून सीतेच्या स्त्रीत्वास बाध आल्याचे कोणी ऐकलेले नाही. मराठीत 'येतो-येते' हा भेद आला, कारण आपली ही रूपे धातुसाधित विशेषणांपासून घडली आणि विशेषणास लिंग लागते. म्हणजे 'येते' चे शुद्धत्व आणि 'येतो' चे अशुद्धत्व ह्यांपैकी एकही अनादि नाही.

ह्यावर कोणी विचारील, मग सारेच शुद्ध की काय? व्याकरण, शाळा, प्रमाणभाषा ह्यांची आवश्यकताच उरली नाही की काय? तसे मुळीच नाही. दूरदूरच्या लोकांचा व्यवहार चालावा म्हणून एक समाईक व्यवस्था लागते, जसे समाईक नाणे लागते. दादोबा पांडुरंग यांच्या १८३६ सालच्या व्याकरणापासून मोरो केशव दामले यांच्या १९११ सालच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'पर्यंत अनेकांनी ह्या प्रमाणभाषेचे नियम बसविण्यास जे श्रम घेतले, त्यांचे मोल कमी नाही. प्रत्येक मुलामुलीस ती उत्तम लिहिता-बोलता आलीच पाहिजे. परंतु समाईक नाणे चलनात आहे म्हणून घरातले बाकीचे धन खोटे ठरत नाही. अमृत माधव घाटगे यांच्या संपादनाखाली १९६३ पासून मराठीच्या बोलींची जी सर्वेक्षणे प्रसिद्ध झाली, त्यांत कुडाळी, महाडची कुणबी, ठाण्याची वारली अशा बोलींचे ध्वनी व रूपे त्याच काटेकोरपणाने नोंदली आहेत, ज्या काटेकोरपणाने आपण पुस्तकी भाषेचे व्याकरण लिहितो. नियम नसलेली बोली त्यांना कोठे सापडली नाही. कारण नियमांवाचून बोली चालूच शकत नाही.

सोस्यूर यांच्या विचारावर पुढे टीकाही पुष्कळ झाली. भाषा ही सर्वांची एकच व्यवस्था असे मानले, तर वय, जात, गाव, स्त्री-पुरुष ह्यांनुसार होणारे भेद कोठे बसवावयाचे, असा आक्षेप नंतरच्या अभ्यासकांनी घेतला आणि तो रास्त आहे. आमच्या ह्या मुलीचेच पाहा. शाळेत ती 'येते' शिकते, घरी 'येतो' म्हणते. आता तिच्यापाशी दोन रूपे आहेत आणि त्यांतून एक निवडणे हेही एक बोलणेच होऊन बसते. मैत्रिणींत 'मी येते' म्हटले तर त्या म्हणतील, ही पुणेरी झाली. पुण्यात 'मी येतो' म्हटले तर कळेल, ही कोल्हापूरची. ह्या निवडीतला भेद स्त्री-पुरुषांचा नसून आपल्या आणि परक्या माणसांचा आहे. परंतु तेथेही अर्थ येतो तो भेदातूनच. म्हणजे सोस्यूर यांचे मूळ सूत्र आक्षेपकांच्याही कामी येते.

म्हणून गृहस्थाश्रमी वाचकांस एवढेच सुचवावयाचे. मुलगी 'मी येतो' म्हणाली तर तिला दटावू नये. शाळेच्या निबंधात आणि परगावच्या पत्रात 'येते' लिहावे, हे तिला शांतपणे सांगावे. आणि ते का लिहावे, तेही सांगावे. त्याचबरोबर घरातल्या आजीची, शेतावरल्या गड्याची आणि बाजारातल्या माळणीची बोली हीदेखील पुरी भाषा आहे, हे तिच्या कानांवर घालावे. दोन व्यवस्था जाणणारे मूल एका व्यवस्थेच्या मुलाहून अधिक श्रीमंत असते. मात्र त्या दोन्हींचा दर त्याला माहीत हवा. तो दर ठरविताना आपण वडील माणसांनी नेहमी एकीकडेच पारडे झुकवीत आलो आहोत. वडगावांपैकी कोणते खरे वडगाव, असे आपण कधी कोणास विचारीत नाही. मराठीच्या बाबतीतही तो प्रश्न विचारण्याचे आता सोडून द्यावे.